आखाडातली सुट्टी

जगाला सुट्टी मे महिन्यात असते, दिवाळीत असते, नाताळात असते. मला ती आखाडात मिळते. मी टूर मॅनेजर आहे. लोकांच्या सुट्ट्या हाच माझा धंदा, त्यामुळे सगळे कामावर गेले की मी मोकळा होतो. एप्रिलपासून युरोपचे ग्रुप सुरू होतात, जूनमध्ये शाळा उघडल्या की ओसरतात, आणि मग मी बॅग घेऊन वाईला घरी येतो.

ग्रुपमधले लोक एक प्रश्न हमखास विचारतात. लुसर्नच्या तलावाकाठी नाहीतर आयफेल टॉवरच्या रांगेत, थोडी ओळख झाली की, "मग तुम्ही स्वतः फॅमिलीला घेऊन कुठे जाता हो?" मी सांगतो, "कुठेच नाही, घरी असतो." त्यांना वाटतं मी गंमत करतोय. एक काकू तर हळहळल्या होत्या. बिचाऱ्याला परवडत नसेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आता आतली गोष्ट सांगतो. सहलीला आलेल्या माणसाला आराम मिळत नाही. सहा वाजता उठा, सातला नाश्ता, आठला बस, बॅगा सात वाजताच खोलीबाहेर. माणसं वर्षभर ऑफिसात घड्याळ बघून दमतात आणि सुट्टीत माझं घड्याळ बघून दमतात. पैसे भरलेत म्हटल्यावर एकही पॉइंट सोडायचा नसतो. युरोपात खरा आराम एकाच माणसाला, तो म्हणजे बसचा ड्रायव्हर. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचं, रात्री सलग अकरा तासांची विश्रांती, काही दिवशी फार तर नऊ. हा तिथला कायदा आहे आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. ड्रायव्हरला 'दादा, जरा दहा मिनिटं ओढा की' म्हणून चालत नाही. तो काच वर करून शांतपणे सँडविच खात बसतो. टूर मॅनेजरसाठी असा कायदा कुणी केलेला नाही.

आणि लेहला तर उलटीच तऱ्हा. लेह साडेतीन हजार मीटरवर. विमानातून उतरलं की पहिला दिवस काहीही न करता पडून राहायचं, नाहीतर विरळ हवेचा त्रास होतो. आमच्या कार्यक्रमात तो दिवस 'संपूर्ण विश्रांती' म्हणून छापलेला असतो. दुपारी तीन वाजेपर्यंत निम्मा ग्रुप लॉबीत गोळा. "नुसतं झोपायचंय तर ते पुण्यात झोपलो नसतो का?" डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांतीसुद्धा माणसाला वाया गेल्यासारखी वाटते.

तर मी घरी येतो. आमचं घर मधल्या आळीत, नदी पाच मिनिटांवर. आल्यावर पहिले काही दिवस पहाटे पाचला डोळे उघडतातच. अंधारात क्षणभर कळत नाही, हे कुठलं हॉटेल. मग शेजारच्या गोठ्यातली म्हैस ओरडते आणि उलगडा होतो. जेवायला बसलो की डोकी मोजायची सवयही जात नाही. आई, अप्पा, बायको, लेक, मी. पाच. सगळे आले, निघायला हरकत नाही. लेकीनं हे एकदा पकडलं, आणि तेव्हापासून ती ताटावर बसताना हात वर करून "प्रेझेंट" म्हणते.

पण एक गोष्ट समजून घ्या. माझी सुट्टी असते तेव्हा घरात कुणालाच सुट्टी नसते. लेकीची शाळा, बायकोची पतपेढीतली नोकरी, दारात दूधवाला, नळाला ठरलेल्या वेळी पाणी. घर आपल्या गतीनं चाललेलं असतं आणि मी मध्ये पायरीवर बसलेला. सुरुवातीला फार अवघड वाटायचं. काहीतरी करायला पाहिजे, कुणाला तरी कुठे तरी न्यायला पाहिजे. आता नाही वाटत. साडेदहाला घर रिकामं होतं. पाऊस असतो, पण वाईचा पाऊस, महाबळेश्वरचा नाही. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. तिथून घाट उतरून पस्तीसेक किलोमीटर खाली आलं की आमच्या वाटणीला त्याचा छोटासा हिस्सा उरतो. बारीक, दिवसभराची रिपरिप. वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत, एवढाच त्याचा उपद्रव.

सकाळचा वेळ अप्पांचा. वाईत दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला होते, शंभर वर्षांची परंपरा आहे तिची. लहानपणी सतरंजीवर बसून ऐकलेली, कळो न कळो. धंद्याला लागलो तसा मे महिना माझा राहिला नाही. अप्पा मात्र एकही व्याख्यान चुकवत नाहीत. जुन्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपणं काढतात आणि माझ्यासाठी राखून ठेवतात. जुलैमध्ये, चहाचा दुसरा कप झाला की वही उघडते. "पहिल्या दिवशीचे वक्ते बरे होते, पण मूळ मुद्द्यावर यायला चाळीस मिनिटं घेतली." मग ते मला व्याख्यान सांगतात. म्हणजे वक्त्याचं थोडं आणि अप्पांचं बरंच. मध्येच माझा डोळा लागतो, तरी ते थांबत नाहीत. मे महिन्याची व्याख्यानमाला जुलैत झोपाळ्यावर अशी ऐकणारा वाईत मी एकटाच असेन.

व्याख्यान संपलं की विश्वकोश. वाईत वाढलेल्या माणसाला विश्वकोशाचा अभिमान असतोच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच म्हणायचे, विश्वकोशाचं काम इथूनच चाललं, पहिला खंड 1976 मध्ये आला. अप्पांकडे बरेच खंड आहेत. मी कुठे जाऊन आलो की त्या देशाची नोंद काढून माझी तोंडी परीक्षा घेतात. स्वित्झर्लंडमध्ये किती कँटन? सव्वीस, हे मला येतं. तिथल्या खनिजांचं विचारलं की मी आईला हाक मारतो, "आई, काही मदत हवी का?"

आईला मदत लागतेच, कारण आखाड चालू असतो. आमच्या सातारा भागात आखाड तळल्याशिवाय जात नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या होतात, पण खरा मान कापण्यांचा. गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा. कणकेत मूठभर बेसन, कडकडीत तेलाचं मोहन, सुंठ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. गुळाच्या पाण्यात पीठ घट्ट भिजवायचं, इतकं घट्ट की मळताना मनगट बोललं पाहिजे. जाडसर पोळी लाटून वर खसखस पसरायची आणि लाटणं एकदा हलकेच फिरवायचं, म्हणजे खसखस रुतून बसते. नाहीतर ती सगळी कढईत उतरते, तळाशी जळते आणि तेल काळं करते. मग कातण्यानं शंकरपाळ्यासारखे काप. तळायचं मात्र मंद आचेवर. मोठ्या आचेवर कापणी वरून लाल दिसते आणि आत कच्ची राहते. माझ्याकडे कातण्याचं काम असतं. काप सारखे येत नाहीत यावर आईचं म्हणणं असं, की एवढी आल्प्स पर्वताची माहिती असून चौकोन पाडता येत नाही. ताज्या कापण्या जरा मऊच लागतात. दुसऱ्या दिवशी खुसखुशीत होतात, पण तोवर डबा निम्मा झालेला असतो.

बायकोचं या सुट्टीबद्दलचं मत वेगळं आहे आणि ते इथे नोंदवलं नाही तर घरात घेणार नाहीत. "तुमची सुट्टी म्हणजे आमची ड्युटी," हे तिचं वाक्य. मी घरी म्हणजे चार वेळा चहा, दुपारी आलेले मित्र, त्यांना भजी, आणि 'जरा काहीतरी वेगळं कर ना'. ती दिवसभर नोकरी करून येणार आणि मी ताजातवाना होऊन तिची वाट बघत बसणार. तिचं बरोबरच आहे. आपल्याकडे घरातली सुट्टी म्हणजे बाईमाणसाचं काम वाढतं, मग ती सुट्टी दिवाळीची असो की आखाडाची. म्हणून आमच्यात करार झालाय. संध्याकाळचा स्वयंपाक माझा. मला तीन भाज्या येतात, त्यातली एक पिठलं आहे आणि ती भाजीत मोजायची की नाही यावर वाद आहे. रविवारी चूल बंद. आई पहिल्यांदा हे ऐकून गप्प झाली. पुढच्या रविवारी मिसळ आणायला तिनंच मला पिशवी दिली.

मित्र दुपारी येतात, पण रोज कुणी ना कुणी गैरहजर. एकाचं हार्डवेअरचं दुकान, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, एक दवाखाना सांभाळतो. चौथा आमचा दिल्या, त्याची मेणवलीच्या वाटेला शेती. शनिवारी चौघं जमले की पत्ते. खेळ एकच, मेंढीकोट. दश्श्या गोळा करायच्या, बाकी सगळी भांडणं. शाळेपासून डॉक्टर आणि मास्तर भिडू, आणि शाळेपासून मास्तर डोळ्यांनी खुणा करतो. पाऊस, पत्रा वाजतोय, हुकूम किलवर, आणि डॉक्टरला पेशंटचा फोन. "ताप किती आहे? बरं. एक गोळी आत्ता द्या. अरे, ती दश्शी खाली ठेव, मी बघितली!" पलीकडच्या माणसाला काय वाटत असेल देव जाणे.

मला कुठेतरी घेऊन जायची त्यांची फार इच्छा असते. ठोसेघरचा धबधबा बघू, पाचगणीला भुट्टा खाऊ. मी ठाम नकार देतो. त्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचं अख्खं जग पाचगणी-महाबळेश्वरला निघालेलं असतं, आणि त्यांची वाट आमच्या वाईतून. पसरणी घाटात गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. मी एकदा मुद्दाम छत्री घेऊन रस्त्याकडेला उभा राहिलो. गाडीमागून गाडी, काचांवर वाफ, मागच्या सीटवर पोरं रडतायत, पुढे बाप हॉर्नवर हात ठेवून. मला प्रत्येक गाडीत माझा एकेक गेस्ट दिसत होता. एकानं काच खाली करून विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे?" सवयीनं तोंडातून आलंच, "ढोल्या गणपती, रास्त्यांनी बांधलेलं देऊळ आहे, घाट आहे. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा. 1739 ची मोहीम." तो म्हणाला, "किती वेळ लागेल सगळ्याला?" मी म्हटलं, "पाऊण दिवस." त्यानं काच वर केली.

धोम धरणातून पाणी सोडलं की मात्र मी स्वतःहून बाहेर पडतो. अख्खी वाई घाटावर येते. कृष्णा गढूळ, चहाच्या रंगाची, पायऱ्या एकेक करून गिळत वर येते. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पाण्याचा लोंढा दुभागावा म्हणून बांधलेली. दोन्ही बाजूंनी पाणी कसं वळतं ते बघत लोक उभे असतात. प्रत्येकाला आपल्या लहानपणीचा पूर मोठा होता असं सांगायचं असतं. अप्पांचा पूर सगळ्यात मोठा. त्यांच्याशी हुज्जत घालायला अजून कुणी धजावलेलं नाही.

आणि मग आखाडाचा शेवटचा रविवार. श्रावण लागायच्या आत मटण झालं पाहिजे, यावर आमच्या टोळीत कधी मतभेद झाला नाही. दिल्याच्या शेतावर पत्र्याची शेड, तिथे तीन दगडांची चूल. या वेळी बायका-पोरं, आई-अप्पा सगळेच. बायकांनी काही करायचं नाही, हात लावायचा नाही, सूचना द्यायच्या नाहीत, असं ठरलेलं. पहिल्या दोन अटी पाळल्या गेल्या. ओली लाकडं पेटेनात म्हणून डॉक्टर फुंकर मारून मारून लालबुंद. मास्तरनं कांदा चिरला तो इतका मोठा की दिल्याची आई म्हणाली, "हा कांदा की फाळणी?" कांदा-लसूण मसाला दिल्याच्या घरचा, लाल भडक, डोळ्यांत पाणी आणणारा. खोबरं भाजून पाट्यावर वाटलं. मिक्सर असता तर बरं झालं असतं, पण चार मित्रांसमोर ते कोण म्हणणार. मटण शिजायला दोन तास लागले आणि त्या दोन तासांत शेवेचं पाकीट, कापण्यांचा डबा आणि सगळ्यांचा धीर संपला. आई माळकरी, तिच्यासाठी वांग्याचं भरीत वेगळ्या चुलीवर, त्याचं खातं माझ्याकडे. भरीत चांगलं झालं. मटणापेक्षा आधी संपलं, आणि ही गोष्ट मी घरी परतेपर्यंत अनेकांना सांगितली.

भाकरी मात्र आम्हाला जमल्या नाहीत. पहिल्या दोन तव्यावर फाटल्या. तिसरी फाटली तेव्हा दिल्याची आई उठली, मास्तरला ढकलून चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "व्हा बाजूला. करार तुमचा, पीठ माझं." नंतरच्या भाकरी टम्म फुगल्या.

पुढच्या आठवड्यात लेहचा ग्रुप आहे. यादी आली आहे, त्यात तीन आजोबा आहेत आणि त्यातल्या एकांचा फोन आत्ताच येऊन गेला. पहिल्या दिवशी दुपारी मोकळा वेळ आहे तर तेवढ्यात जवळचा एखादा मठ होईल का, असं विचारत होते.