गेटवर उभा, तरी म्हणे ‘नो-शो’

पुणे–दिल्ली विमानाची तिकिटं जागांपेक्षा जास्त विकलेली. वेब चेक-इन केलं तेव्हा बोर्डिंग पासवर सीट नंबरच नव्हता, ‘गेटवर मिळेल’ एवढंच. मिळाला नाही. रात्रीच्या विमानानं पाठवलं. कन्फर्म तिकीट असून चढू दिलं नाही आणि पर्यायी विमान तासाभरात नसलं, पण चोवीस तासांच्या आत असलं, तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाप्रमाणे एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याच्या दुप्पट भरपाई मिळते, कमाल १०,००० रुपये. ती मागितली आणि छळ सुरू झाला.

उत्तर आलं, ‘आमच्या नोंदीनुसार आपण नो-शो आहात.’ म्हणजे मी विमानतळावर आलोच नव्हतो! मग रात्रीच्या विमानात फुकट बसवलंत ते कुणाला? फोनवर भेटेल त्याला हेच विचारलं. ‘सर, तुमची अडचण मी समजू शकते,’ आणि पुन्हा होल्डवरचं संगीत. चॅटवर दर वेळी पीएनआरपासून श्रीगणेशा. मेलची उत्तरं शब्दन्‌शब्द तीच, खालचं नाव तेवढं वेगळं. एक दिवस एसएमएस आला, तक्रार निकाली निघाली. कुणी काढली, देव जाणे. मी फोन भिंतीवर आपटायचा बाकी होतो.

कामी आलं ते सिक्युरिटीच्या आत घेतलेल्या चहाचं बिल. अव्वाच्या सव्वा दर पाहून चिडून जपून ठेवलं होतं. त्यावर वेळ छापलेली होती. ते आणि गेटवरचा फोटो जोडून कंपनीच्या नोडल, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या, अधिकाऱ्याला लिहिलं (पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो, शोधावा लागतो), सोबत सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली. कस्टमर केअरशी हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका, थेट इथे या.

मग सूर बदलला. आधी व्हाउचर पुढे केलं. तुमच्या लेखी संमतीशिवाय ते गळ्यात मारता येत नाही. मी बँक खात्याचा नंबर पाठवला.

हो, गेटवरच ‘जागा नाही म्हणून चढू दिलं नाही’ असं लेखी मागा. देत नसतील तर तिथूनच कंपनीला मेल करा, वेळेची नोंद आपोआप होते. खरं तर सक्ती करण्याआधी कुणी स्वखुशीनं थांबतंय का, हे त्यांनी विचारायला हवं. आम्हाला कुणी विचारलं नाही.

आणि तिकिटाच्या पूर्ण रकमेची दुप्पट धरून बसू नका, त्यातले कर आणि विमानतळाची शुल्कं धरत नाहीत. मला ८,२०० मिळाले.