आमची वाटचाल : तीन बोटं माया

आमचं शिवणकामाचं दुकान नाशिकचं. वडील खाकी गणवेशांच्या कामात आले ते रामभूमीमुळे, म्हणजे भोसला मिलिटरी स्कूलच्या आवारामुळे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात डॉक्टर म्हणून जाऊन आलेल्या डॉ. बा. शि. मुंजे यांनी 1937 साली ही शाळा सुरू केली. तिथल्या मुलांना रामदंडी म्हणतात. शाळेचं कंत्राट आमच्याकडे कधीच नव्हतं, खोटं कशाला सांगू? पालक भेटायला आले की कुणाची कंबर सैल, कुणाची बाही आखूड, अशी किरकोळ दुरुस्ती यायची. ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीच्या खास पँटी, वडील त्या उसवून-उसवूनच शिकले.

पुढे 1995 नंतर सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिकी शाळा काढायचं धरलं आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेचं काम आम्हाला मिळालं. तिथले क्वार्टरमास्टर, म्हणजे कपडे-सामान सांभाळणारे, निवृत्त सुभेदार. शर्ट आधी उलटा करायचे, इंचात किती टाके ते नखाने मोजायचे, मग भाव विचारायचे. बिल मात्र कधी अडवलं नाही.

आमच्याच कटरने, कापड कापणाऱ्या कारागिराने, घात केला. पंधरा वर्षं हाताखाली शिकला आणि एक दिवस वडिलांचे पुठ्ठ्याचे साचे घेऊन गेला. पुढच्या टेंडरात गणवेशाच्या सेटमागे चाळीस रुपये कमी भरले. निम्मं काम त्याला गेलं. कापड न भिजवताच कापायचा, माया, म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जादा कापड, अर्धं बोट. पंधरा ऑगस्टच्या परेडला दोन पोरांच्या पँटी बसता क्षणी उसवल्या, हे मी स्वतः पाहिलंय.

मग 2020. जूनच्या भरतीसाठी दोनशे सेट शिवून तयार, कापडाची उधारी राजस्थानातल्या भिलवाड्याला, आणि मार्चमध्ये वसतिगृह रिकामं. दोन कारागीर गावी गेले. जुकीची दोन मशिनं विकली. वडिलांचं काळं सिंगर तेवढं ठेवलं, त्याला गिऱ्हाईकही नव्हतं म्हणा.

मुलं परतली तेव्हा वीतभर वाढलेली. सेट भंगारात जाणार असंच सगळे म्हणाले. सुभेदारांचा फोन आला, "माल विकू नका. मशीन घेऊन या." आम्ही मेसमध्ये सिंगर मांडलं आणि आठ दिवस नुसतं उसवत बसलो. पँटीच्या तळाला तीन बोटं, मागच्या शिवणीला दोन बोटं माया होती. दोनशेपैकी एकशे सत्तर सेट बसले. खाली जुन्या घडीची गडद रेघ दिसायची, ती सुभेदारांनी चालवून घेतली.

नव्या पोरांनो, खाकी ड्रिलचं कापड आटावं म्हणून रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, मगच खडू लावा. वाढत्या मुलाचं माप आजचं घेऊ नका.

त्या कटरला त्या वर्षी सगळा माल नव्याने शिवून द्यावा लागला, असं कानावर आलं. वाईट वाटलं, थोडंसं. आता तोही दुकान चालवतो, रस्त्यात दिसला की नमस्कार करतो. साचे मात्र अजून परत दिलेले नाहीत.