सुईवर काय, उशाशी काय?

आमच्या भगिनी मंडळाच्या हिवाळी संमेलनात औपचारिक ओळख अशी कधी नसायची. नवीन बाई दारात चपला काढत असतानाच आतून हाक यायची, "सुईवर काय, उशाशी काय?" म्हणजे सध्या विणताय काय आणि वाचताय काय. दोन्हीपैकी एकाचं तरी उत्तर हवं. एकही नसेल तर चहाच्या आधणापाशी उभं राहायचं, हा दंड. पहिल्या वर्षी मी साठ कप चहा केला.

नाशिकची डिसेंबरातली सकाळ, शाळेचा हॉल आणि गार फरशीवर दोन-दोन सतरंज्या. मधोमध लोकरीच्या पिशव्या. पिशवीवरून बाई ओळखू यायची. बँकेतल्या वहिनींच्या पिशवीत लुधियानाची नवीकोरी लोकर, चिठ्ठीसकट. आमच्या शेजारच्या काकू मात्र जुने स्वेटर उसवायच्या. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते. तिच्या लडी करून, धुऊन, खाली वजन टांगून त्या ती सरळ करायच्या आणि गेल्या वर्षीचा बनियन यंदा मफलर होऊन यायचा. "माझ्या घरात लोकरीला पुनर्जन्म आहे," म्हणायच्या.

'मृत्युंजय'चं वर्ष मात्र मला टाक्यांसकट आठवतं. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ सालची. बहुतेकींनी ती एकदा तरी वाचलेली, तरी पुन्हा ऐकायची हौस. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडाने ती सांगतात, म्हणून अध्यक्षीणबाईंनी सहा जणींना सहा माणसं वाटून दिली. वाचणारीने सुया खाली ठेवायच्या, बाकीच्यांनी विणत ऐकायचं. नऊ भागांपैकी चार एकट्या कर्णाचे. तो वाट्याला आला त्या बाईंनी "मग मला चहा दोनदा" असं आधीच ठरवून घेतलं. दुर्योधन कुणालाच नको होता. शेवटी तो संगीताच्या बाईंनी घेतला आणि असा वाचला, की जेवताना त्यांच्याशी बोलायला जरा धाकच वाटला.

कुंती मावशींकडे होती. मावशी म्हणजे मंडळाच्या सगळ्यांच्याच मावशी, आवाज बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी भावाच्या स्वेटरची पाठ सुरू करत होते. बारा नंबरच्या सुया, छप्पन्न, सत्तावन्न अशी मोजदाद चाललेली, घालायचे होते शहाण्णव टाके. तेवढ्यात पेटी अश्वनदीत सोडायचा प्रसंग आला. माझ्यासमोर एक पोरसवदा सून बाळाचं टोपडं विणत होती. तिच्या सुया ओळीच्या मध्येच थांबल्या. विणणारी बाई ओळीच्या मध्ये थांबत नाही, टाका सैल पडतो. निदान ओळ संपवते. ही थांबली, आणि टोपडं तिने नकळत पोटाशी धरलं.

माझी मोजदाद तिथेच चुकली. पंच्याण्णव टाक्यांवर मी दोन सुलट, दोन उलट करत सुटले. ओळीच्या शेवटी उलट टाका एकच उरतोय, हे हाताला कळत असणार, पण डोकं नदीकाठी होतं. चार बोटं विणून झाल्यावर पाहिलं तर नेहमीच्या उभ्या पट्ट्या कुठेच नाहीत. भलतंच, खोल खाचांचं, दोन्ही बाजूंनी सारखं काहीतरी उमटलेलं. मी सुई ओढायला गेले, तर मावशींनी मनगट धरलं.

"अगं उसवू नकोस. ही पण वीणच आहे."

त्यांनी पिशवीतून नमुन्यांची वही काढली आणि तिथेच उतरवून घेतलं: चाराच्या पाढ्यात एक टाका कमी. दोन सुलट, दोन उलट, शेवटी एकच उलट. प्रत्येक ओळ तशीच. नावाच्या जागी क्षणभर पेन्सिल थांबली, मग लिहिलं, 'कुंती'.