पहिल्या घराचा हिशेब

दरमहा 28,000 रुपये हाती येत असताना पुण्यात धायरीला मी 9,000 रुपये भाड्याचे वन आरके घेतले, तेव्हा खरा घाम भाड्याने नव्हे, तर पहिल्याच दिवशी एकरकमी द्याव्या लागलेल्या अनामत रकमेने आणि महिन्याच्या भाड्याएवढ्या दलालीने फोडला. घरमालक साध्या स्टॅम्प पेपरवर भागवू पाहत होते. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार कराराची नोंदणी बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे, हे मी नम्रपणे दाखवल्यावर 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन नोंदवला गेला. (निम्मा खर्च मात्र माझ्याच माथी आला.) शेगडी आईने गावाहून पाठवली, पलंगाचे मी अजून मनावर घेतलेले नाही.