नाचणीचा हाका

त्या सकाळी कोरड्या ओढ्यातल्या एका सपाट दगडावर बसून मी 47 फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर 44 फोटोंत नुसती फांदी. काय सुरेख फांदी आली होती! तिच्यावरचं शेवाळ, एक वाळकं पान, त्या पानाला लोंबणारा कोळिष्टकाचा धागा, सगळं लख्ख. उरलेल्या तिनांपैकी एकात शेपटीचं टोक, एकात राखाडी फराटा आणि एकात अख्खा पक्षी, पण पाठमोरा.

पक्षी होता नाचण. सह्याद्रीच्या जंगलात थोडं चाललं की कळकाच्या बेटात नाहीतर ओढ्याकाठच्या झुडपात ती भेटतेच. शेपटी सोडली तर चिमणीहूनही लहान. अंग काळपट राखाडी, भुवई आणि गळा पांढरा, छातीवरच्या काळ्या पट्ट्यात कुणी कुंचला झटकावा तसे पांढरे ठिपके. हिमालयातल्या पांढऱ्या गळ्याच्या नाचणीचीच ही एक उपजात, असं पूर्वी मानत. आता तिला स्वतंत्र जात म्हणून मान मिळाला आहे. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे मराठीत नरही ‘ती’च. शब्द गोड आहे, पण त्याला विभक्ती लागली की पंचाईत होते. ‘नाचणीची शेपटी’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी भाकरी येते.

तर ती शेपटी. नाचण फांदीवर उतरते आणि जपानी पंखा उघडावा तशी शेपटी फटकन उघडते. पंख थोडे खाली सोडून डावीकडे गिरकी घेते, मग उजवीकडे. शेपटी मिटते, पुन्हा उघडते. दोन टुणटुण उड्या, हवेत एक कोलांटी आणि परत दुसऱ्या फांदीवर. मध्येच चढत जाऊन उतरणारी एक नाजूक शीळ. या सगळ्यात क्षणभरही स्थिर नाही. मी तोंडाचा आ करून बघत होते. बरोबर जवळच्या गावातले एक दादा होते, वाट दाखवायला आलेले. मी म्हटलं, “काय नाचते हो ही!”

दादा तंबाखू मळत होते. वर न बघताच म्हणाले, “नाचत न्हाय ताई ती. हाका घालतीया.”

त्यांच्या आज्याच्या वेळेला शिकारी यायचे. मग गावची माणसं डबे, थाळ्या घेऊन रान उठवायला जायची. एका बाजूनं आरडाओरडा करत, झुडपं बडवत पुढे सरकायचं. दडलेलं जनावर बिचकून उठायचं आणि नेमकं जिथे बंदूक दबा धरून बसली आहे त्या बाजूला पळायचं. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, बंदुका गेल्या, हाकाही गेला. शब्द तेवढा दादांकडे शिल्लक होता आणि तो त्यांनी एका मूठभर पक्ष्याला चपखल बसवला. फरक इतकाच, की नाचणीकडे हाकेवालीही तीच आणि बंदूकही तीच.

खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. इतका सुंदर नाच, आणि हे म्हणतात पोटापाण्याचा उद्योग आहे. मग मी मुकाट्यानं शेपटीऐवजी चोच पाहायला लागले. दुर्बिणीची गरजच नव्हती. नाचण माणसाला फारशी भीत नाही, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ येते. चोच बारीक, पण बुडाशी रुंद आणि चपटी. तिच्या दोन्ही बाजूंना मिशांसारखे ताठ केस. शेपटी फाकली, की पानाखालून तिळाएवढं काहीतरी उठायचं आणि लगेच ‘कट्’ असा बारीक आवाज यायचा, नखावर नख आपटल्यासारखा. चोच मिटल्याचा आवाज. मी मोजायचा प्रयत्न केला, पण शेपटीकडे लक्ष गेलं की ‘कट्’ निसटायचा आणि ‘कट्’कडे गेलं की शेपटी.

दादांच्या बोलण्याला शास्त्राचाही दुजोरा आहे, हे मला मागाहून कळलं. तोही पार दुसऱ्या खंडातून. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात, मोंतेवेर्देच्या डोंगरी जंगलात असाच एक छोटा कीटकभक्षी पक्षी आहे. नाचणीशी त्याचं जवळचं नातं नाही, पण सवय तीच: शेपटी फाकून दाखवायची, किडे उठवायचे आणि धरायचे. त्याच्या शेपटीच्या कडेची पिसं पांढरी असतात. तिथे एका अभ्यासकानं काही पक्ष्यांची ती पांढरी पिसं काळी रंगवली आणि त्यांना सोडून दिलं. पक्षी धडधाकट, शेपटी तेवढीच, फाकणंही तसंच. पण शिकार घटली. 2002 मध्ये हा अभ्यास छापून आला. आपल्या नाचणीच्या काळ्या शेपटीलाही टोकाशी पांढरी किनार आहेच. ती मी इतके दिवस नटवेपणा म्हणून पाहत होते.

यातली मेख किड्याच्या डोळ्यात आहे. डोळ्यासमोर काहीतरी झपाट्यानं मोठं व्हायला लागलं की माशी उडते. विचार करून उडत नाही. विचाराला तिच्याकडे सवडच नसते. डोळ्यापासून पंखांपर्यंतची जोडणीच तशी आहे. आपण माशी मारायला जातो आणि हात खाली येईतो ती गायब असते, ती याच जोडणीमुळे. नाचण नेमकी तीच तार छेडते. पांढरी किनार अचानक फाकली की माशीच्या लेखी संकट कोसळलेलं असतं. ती सुटते आणि हवेत आली की दिसते. पानाला चिकटून बसली असती तर कदाचित वाचली असती. मग किडे शहाणे का होत नाहीत? माझ्या मते होण्यात फायदा नाही. रानात एक नाचण असेल, तर पानावरून गुपचूप टिपून खाणारे दहा. पंखा दिसताच गप्प बसायला शिकलेली माशी त्या दहांच्या तोंडी जाईल.

मिशांचं मात्र मी चुकीचं धरून चालले होते. मला वाटायचं, उडते किडे आत लोटायला ते जाळं असणार; पुस्तकांतूनही पूर्वी तसंच लिहिलेलं असायचं. पुढे दुसऱ्या एका माशीमार पक्ष्यावर प्रयोग झाले, त्यात त्या मिशांचा उपयोग डोळे वाचवायला होतो असं दिसलं. हवेत किडा पकडताना त्याचे पाय, पंख डोळ्यात जाऊ नयेत म्हणून. म्हणजे मिशा नव्हेत, गॉगल.

घरटं मी एकदाच पाहिलं आहे, मे महिन्यात, कमरेएवढ्या झुडपाच्या बेचक्यात. लिंबाची अर्धी फोड आत बसेल एवढीच वाटी, खाली निमुळती होत गेलेली. बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं अशी लिंपलेली, की बोट फिरवावंसं वाटलं. फिरवलं नाही. आत बसलेल्या पक्ष्याची शेपटी वाटीबाहेर डोकावत होती, आणि तेव्हा ती मिटलेली होती. अंडी उबवायला दोघंही आळीपाळीनं बसतात, तेव्हा तो होता की ती, कोण जाणे. एक कावळा जरा जवळ आला मात्र, त्या मूठभर जिवानं त्याचा असा काही पाठलाग केला की कावळाच ओरडत सुटला.

ओढ्यातल्या त्या सकाळी शेवटी आम्ही उठलो. पायवाट कारवीतून जाणारी, दोन्ही बाजूंनी अंगाला घासणारी. पाऊल टाकलं की चिलटं उठायची, तोंडावर यायची. दादा पुढे काठीनं कारवी बाजूला सारत चालले होते, मी मागून पाय ओढत. जरा वेळानं माझ्या मागे, अगदी खांद्यालगत, आवाज आला. कट्. मी थांबले, तर तोही थांबला. मी चालायला लागले. कट्. कट्.

“दादा, ही मागे येतेय.”

“मग,” दादा म्हणाले, आणि काठी जरा जोरात कारवीवर आपटली.