स्वादुपिंडाचा कॅन्सर, केमो आणि शेक

"पोटाला रोज शेक द्या, कॅन्सरच्या पेशी उष्णतेने मरतात" असा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि मला भयंकर राग आला, कारण त्याच ग्रुपवर माझे काका आहेत, स्वादुपिंडाचं ऑपरेशन होऊन केमो चालू असलेले. पण मग वाचत बसले तर कळलं की उष्णता आणि केमो एकत्र देण्यामागे खरंखुरं संशोधन आहे, ते फक्त त्या मेसेजमध्ये नाहीये.

पहिली गोष्ट म्हणजे गरम पाण्याच्या पिशवीने हे होत नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे, खोल, कण्याच्या पुढ्यात असतं, तिथपर्यंत पिशवीची ऊब पोचतच नाही, नुसती कातडी भाजते. जर्मनीत म्युनिकला हे करतात तेव्हा पेशंट एका मोठ्या रिंगच्या मधोमध झोपतो, पोट आणि रिंगमध्ये पाण्याने फुगवलेली पिशवी, म्हणजे कातडी जळत नाही, आणि रिंगमधल्या अँटेनांतून रेडिओ लहरी सोडून आतला भाग ४० ते ४३ डिग्रीपर्यंत नेऊन तासभर तसाच ठेवतात. पेशंट घामाघूम होतो, कुठे चटका लागला तर लगेच सांगायचं, मग पॉवर कमी करतात.

एवढ्या तापमानाला गाठ जळून जात नाही हं. खरा फायदा केमोला होतो. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध पेशीचा डीएनए बिघडवतं आणि पेशी तो दुरुस्त करत बसते, तर उष्णतेने ती दुरुस्तीच लंगडी पडते. ४१-४२ डिग्रीला बीआरसीए२ हे दुरुस्तीचं प्रोटीन पेशीत टिकत नाही असं २०११ मध्ये दिसलं. शिवाय या गाठीभोवती तंतूंचं जाळं इतकं घट्ट असतं की रक्त कमी पोचतं आणि रक्तातून येणारं औषधही, उष्णतेने तो रक्तपुरवठा थोडा वाढतो.

आता मुद्द्याचं. म्युनिकच्या डॉ. रॉल्फ इसेल्स यांच्या टीमची 'हीट' ट्रायल, निकाल २०२३ चा. ऑपरेशन झालेले ११७ पेशंट, एका गटाला जेमसिटाबीन (हेही केमोचं औषध), सिसप्लॅटिन आणि उष्णता, दुसऱ्याला जेमसिटाबीन (नंतरच्या पेशंटना सोबत कॅपेसिटाबीन). मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले) ३३.२ महिने विरुद्ध २५.२. वाचून मी उडालेच, पण पेशंट इतके कमी की हा फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता आलं नाही आणि कॅन्सर परत येईपर्यंतचा काळ तर जवळपास सारखाच, १२.७ आणि ११.२. त्यात सिसप्लॅटिनही एकाच गटाला, मग श्रेय उष्णतेचं की औषधाचं?

आणि २०१८ मध्येच फ्रान्स-कॅनडाच्या ट्रायलमध्ये ऑपरेशननंतर सुधारित फोल्फिरिनॉक्स (अनेक औषधं एकत्र असलेली कडक केमो) घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य ५४.४ महिने आलं, नुसत्या जेमसिटाबीनवर ३५. दोन वेगळ्या ट्रायलचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नसते हे मान्य, पण ज्याला ती कडक केमो झेपते त्याने ती सोडून शेकाच्या मागे लागणं मला अजिबात पटत नाही.

हायपेक हे वेगळं प्रकरण, त्यात ऑपरेशन टेबलवरच गरम केमो पोटात फिरवतात, त्याची यात गल्लत नको.

घरात कुणाला हा आजार असेल आणि कुणी हीट ट्रीटमेंट सुचवली तर एवढं विचाराच: केमोसोबत देणार की केमोऐवजी? आतलं तापमान मोजणार कसं? आणि हे ट्रायलमध्ये आहे की पैसे भरून? केमोऐवजी म्हणाले तर तिथून उठा आणि आपल्या ऑन्कोलॉजिस्टला फोन लावा.