आता उघडलंच आहे तर

मोरीतली एक फरशी हलत होती म्हणून बाबांनी गवंडी बोलावला. दोन महिन्यांनी अख्खं स्वयंपाकघर नवं झालं होतं आणि तोवर आम्ही चौघं हॉलमध्ये स्टोव्हवर पोहे करून खात होतो. त्या दोन महिन्यांत बाबा रोज संध्याकाळी म्हणत, "आता उघडलंच आहे, तर तेही करून घेऊ." आई पदराला हात पुसत म्हणायची, "चालत होतं की ते!"

हे वाक्य खास आमच्या डोंबिवलीच्या घरातलं, अशी माझी समजूत होती. अमेरिकेत मिशिगनमध्ये येऊन फोर्डची जुनी मस्टँग घेतली, तेव्हा कळलं की जुन्या गाड्यांच्या नादी लागलेले अमेरिकन गॅरेजात उताणे पडून नेमकं हेच बोलत असतात.

गाडी 1966 ची. त्या वर्षीच्या मस्टँग सहा लाखांवर बनल्या, तेव्हा दुर्मीळ वगैरे मुळीच नाही. तिच्या चासी नंबरात सालाच्या आकड्यानंतर 'एफ' आहे, म्हणजे ती डिअरबॉर्नच्या कारखान्यातली. माझ्या घरापासून तो अर्ध्या तासावर. थोडक्यात, गाडी माहेरीच राहिली. आता इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ ओततात. आपल्याकडे माणसं खाल्ल्या मिठाला जागतात, इथे मीठच गाडी खातं. त्याच नंबरात पुढे 'टी' आहे, म्हणजे सहा सिलिंडरचं 200 घन इंचांचं इंजिन, आपल्या भाषेत 3.3 लिटर. व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरवाले, तिच्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर मला लग्नाळू वयात ओळखीची झाली होती.

मला फक्त ब्रेक बदलायचे होते. चारी चाकांना ड्रम, आणि पेडल दाबलं की ब्रेकना ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. म्हणजे एका चाकाशी ऑइल गळलं की चारही चाकांचे ब्रेक गेले. 1967 पासून दोन कप्पे आले, पुढच्या चाकांचा वेगळा आणि मागच्यांचा वेगळा. माझी गाडी त्या शहाणपणाच्या एक वर्ष आधीची. तेव्हा पुढे डिस्क बसवायच्या आणि दोन कप्प्यांचा सिलिंडर लावायचा, एवढाच बेत. दोन शनिवार.

पण सहा सिलिंडरच्या मस्टँगला चाकाला चार बोल्ट असतात, व्ही-8 ला पाच. चार बोल्टांचं डिस्कचं किट मिळतं, पण शेजारी, जे आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात राबून निवृत्त झाले आहेत, हातात बीअर घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता उघडलंच आहे, तर पाचचंच घे ना." त्यांच्या इंग्रजीत मला बाबांचा आवाज ऐकू आला. मी पाचचं घेतलं. मग चाकं ज्यांवर फिरतात ते स्पिंडल बदलले, स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं बदलली. पुढे पाच बोल्ट झाल्यावर मागे चार कसे चालतील? स्टेपनी कुठल्या चाकाला लावणार? म्हणून मागचा अख्खा ॲक्सल बदलला. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असले की जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी जाम होतात, म्हणून दाब वाटून देणारा व्हॉल्व्ह आला. दोन शनिवारांचे सात महिने झाले.

या सगळ्यात सामान मिळणं ही अडचण कधीच नव्हती. साठ वर्षांच्या गाडीचा दाराचा रबर, हँडल, पत्रा, सगळं कॅटलॉगमधून नवं कोरं घरपोच येतं. मस्टँगची आख्खी नवी बॉडीसुद्धा विकत मिळते. मोहाचं मूळ तेच. दादरचा आमचा मिस्त्री बाबांच्या पद्मिनीचं बॉनेट उघडून आधी कान लावायचा, मग म्हणायचा, "चालतंय ना? मग हात लावू नका, साहेब." कुर्ल्याच्या ज्या प्रीमियर कारखान्यात पुढे पद्मिनी बनली, तिथेच त्याआधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या. अमेरिकन गाडी कुर्ल्यापर्यंत आली, पण हा उघडण्याचा रोग काही मिस्त्रीपर्यंत पोचला नाही. पार्ट मिळतच नसले की शहाणपण आपोआप येतं.

एका बाबतीत मात्र डोंबिवली उपयोगी पडली. इथले तरुण मेकॅनिक मिलिमीटरवर वाढलेले, त्यांना नऊ-सोळांश इंचाचा पाना मागितला की क्षणभर थबकतात. मला तो साडेचार सुताचा म्हणून आठवतो. बाबा हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंचाला चार सूतच म्हणत.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि घरात दुसरं माणूस म्हणजे बायको. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने, म्हणजे मागच्या उजव्या. मी गाडीखाली, ती पेडलवर. "दाब. धर. सोड." मी चाकाजवळचा हवा सोडायचा निपल बंद करायच्या आधी तिने पाय उचलला की हवा परत आत. असं चार चाकांना, प्रत्येकी दहा-बारा वेळा. तिसऱ्या चाकाला तिने वरून विचारलं, "मी म्हणेन तेव्हा तू कधी इतक्या लगेच सोडतोस का?" प्रश्न ब्रेकबद्दल नसावा. त्या गडबडीत ब्रेक ऑइल फेंडरवर सांडलं आणि पुसेपर्यंत रंगाला फोड आले. आता रंगाला हात लावायचाच आहे, तर... पण नाही. तिथे मी थांबलो.

खरं तर आणखी एका ठिकाणी थांबलो होतो. विंडशील्डच्या खाली, बॉनेटच्या मागे, हवा आत घेणारी एक बंद पोकळी असते. या मस्टँगचं ते जुनं दुखणं. वर्षानुवर्षांची पानं तिथे साचतात, कुजतात, आतल्या हवेच्या वाटेची कड गंजते आणि पाऊस पडला की पाणी थेट पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायावर. खरा इलाज करायचा तर फेंडर काढा, वेल्डिंगचे ठिपके एकेक ड्रिलने सोडवा, पत्रा उचला, दुरुस्त करा, पुन्हा वेल्ड करा. शेजाऱ्यांचे डोळे चमकले. मी त्या पोकळीवरच्या जाळीवर टेप लावला.

ऑगस्टमध्ये आई आली होती. वुडवर्ड अव्हेन्यूवर 1995 पासून दर ऑगस्टला जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिथे तिला नेलं. एवढा खटाटोप करून बसवलेले डिस्क ब्रेक घेऊन आम्ही ताशी पाच मैलांनी सरकत होतो. आईला गाडी आवडली. "दार कसं दणकट लागतं," म्हणाली. परतताना पाऊस आला. मिनिटभराने तिने सपाता काढून पाय वर घेतले, खाली वाकून बघितलं, आणि पिशवीतला शिऱ्याचा रिकामा डबा काढून बरोबर थेंबाखाली ठेवला. गावच्या घरी पावसाळ्यात पातेलं ठेवायची, तसा.

"मी हे उघडून नीट करणार आहे," मी म्हणालो.

"कशाला?" आई म्हणाली. "घरी जाईपर्यंत डबा नाही भरत."